पानिपतची डावी बगल टेबलावर: पहिली वॉरगेम कशी मांडावी

पानिपतची वॉरगेम, म्हणजे टेबलावर प्यादी मांडून फाशांनी खेळायची लढाई, करायची ठरली की नवखा माणूस पहिल्याच दिवशी सगळं रणांगण मांडायला घेतो. हुजुरात (पेशव्यांची खास फौज), होळकर, शिंदे, गारदी, समोर शाहवली खान, शुजा, नजीब, शाहपसंद. दीडशे घोडेस्वार रंगवून होईपर्यंत उत्साह संपतो आणि खोकं माळ्यावर जातं. शुजाच्या चाकरीतल्या काशीराज पंडिताच्या वृत्तांतानुसार अब्दालीकडे ४१,८०० घोडदळ आणि ३८,००० पायदळ होतं, तर मराठ्यांकडे ५५,००० घोडदळ आणि १५,००० पायदळ. इतिहासकार जदुनाथ सरकारांनी हे आकडे खाली आणले आहेत, अब्दालीचे सुमारे ६०,००० आणि मराठ्यांचे ४५,००० लढवय्ये. कुठलाही हिशोब धरला तरी एवढा पसारा दोन माणसांना एका संध्याकाळी पेलत नाही.

म्हणून सुरुवात मराठ्यांच्या डाव्या बगलेपासून करा. १४ जानेवारी १७६१ च्या सकाळी तिथे इब्राहिमखान गारद्याच्या पलटणी अब्दालीच्या बाजूच्या रोहिल्यांवर चालून गेल्या. एका बाजूला शिस्तीचं कवायती पायदळ, दुसऱ्या बाजूला दाट जमावाने अंगावर येणारं पायदळ, आणि शेजारी वेगवान, मोकळ्या हालचालींची सवय असलेलं मराठी घोडदळ. अठराव्या शतकातल्या लढाईचे बहुतेक पेच इतक्याच जागेत सापडतात.

तिथे घडलं काय, ते नियम लिहिण्याआधी नीट समजून घ्या. इब्राहिमखान फ्रेंच सेनानी बुसीच्या तालमीत तयार झालेला, निजामाच्या चाकरीतून पेशव्यांकडे आलेला. काशीराज सांगतो की लढाईच्या सकाळी तो भाऊसाहेबांकडे गेला आणि म्हणाला, दरमहा पगाराचा आग्रह धरतो म्हणून तुम्ही माझ्यावर रुष्ट होता, तो पगार फुकट गेला का ते आज पाहा. मग दोन पलटणी त्याने डाव्या अंगाला अब्दालीचे सरदार बर्खुरदार खान आणि अमीर बेग यांच्यासाठी तिरक्या उभ्या केल्या, उरलेल्या सात घेऊन दुंदी खान आणि हाफिज रहमत खान यांच्या रोहिल्यांवर गेला आणि शेवटी बंदुकांचे बार थांबवून संगिनींनी भिडला. रोहिल्यांचे सुमारे ८,००० लोक मेले किंवा जखमी झाले. गारद्यांच्या नऊपैकी सहा पलटणी जवळजवळ बरबाद झाल्या. दमाजी गायकवाड त्यांच्या मदतीला होता, असं काशीराज म्हणतो. मराठी परंपरेत मात्र दोष विंचूरकर आणि गायकवाडांवर येतो: ठरलेला गोल (सगळी फौज एकत्र धरून पुढे सरकण्याची रचना) सोडून त्यांचं घोडदळ पुढे धावलं आणि गारद्यांच्या माऱ्याच्या आड आलं. या दोन कथनांत कौल द्यायची आपल्याला गरज नाही. कधी हे, कधी ते घडेल असा नियम केला की पुरे, आणि या खेळाचा जीव त्या एका नियमात आहे.

आधी प्रमाण, मग प्यादी

बहुतेक जण उलटं करतात. सुंदर दिसली म्हणून २८ मिमीची प्यादी घेतात आणि मग टेबल पुरत नाही. आधी कळस मग पाया, तसलाच प्रकार.

हिशोब असा. १,००० जणांची पलटण तीन ओळींत उभी केली की प्रत्येक ओळीत ३३३ माणसं येतात. एका माणसाला खांद्याला खांदा लावून सुमारे ६० सेंमी जागा लागते, म्हणजे पलटणीची रुंदी २०० मीटर. टेबलावर १ सेंमी म्हणजे २० मीटर धरलं की पलटण १० सेंमीची होते. चकमकीच्या (गारगोटीच्या ठिणगीने उडणाऱ्या) बंदुकीचा कामाचा पल्ला १०० मीटरच्या आसपास, म्हणजे ५ सेंमी. मैदानी तोफेच्या गोळ्याला ८०० मीटर म्हणजे ४० सेंमी, छर्ऱ्याला ३०० मीटर म्हणजे १५ सेंमी. ६ फूट बाय ४ फूट टेबल, म्हणजे साधारण १८० बाय १२० सेंमी, या मापाने ३.६ बाय २.४ किलोमीटर होतं. बगल त्यात आरामात बसते.

बंदुकीचा पल्ला फक्त ५ सेंमी पाहून नवखे हटकून बिचकतात आणि तो २० सेंमी करून टाकतात. तसं करू नका. मग दोन्ही फौजा लांब उभ्या राहून एकमेकांवर फासे टाकत बसतात. समोरचा अंगावर येण्याआधी एकच फैर मिळणार, ती आता टाकायची की थांबायचं, हा पेचच नाहीसा होतो.

एक डाव, म्हणजे खेळाची एक फेरी, ही लढाईतली २० मिनिटं. सकाळी नऊ ते दुपारी एक, असे १२ डाव. पायदळाची चाल १० सेंमी, म्हणजे २० मिनिटांत जेमतेम २०० मीटर. कागदावर हे फार कमी वाटतं, कारण चालणारा माणूस तेवढ्या वेळात किलोमीटर सहज ओलांडतो. पण हजार माणसांची रांग दर पन्नास पावलांवर वाकडी होते, ती थांबून सरळ करावी लागते, आणि निरोप येईपर्यंत उभं राहावं लागतं. घोडदळाला २५ सेंमी द्या. जड तोफांना शून्य: त्या जागेवर तोंड फिरवतील, बस्स.

काय काय लागेल

प्रत्येक तुकडी दोन बेसची (प्यादी चिकटवायच्या पातळ पाट्यांची). पायदळाचा बेस ५ बाय ३ सेंमी, घोडदळाचा ५ बाय ४. दोन बेस शेजारी लावले की रांग, एकामागे एक लावले की चालण्याची फळी.

मराठ्यांकडे गारद्यांच्या ९ पलटणी, दमाजी गायकवाडांच्या ३ आणि विठ्ठल शिवदेव विंचूरकरांच्या ३ घोडदळ तुकड्या, तोफा ४. अब्दालीच्या बाजूला रोहिला पायदळाच्या १२ तुकड्या, रोहिला घोडदळाच्या २, बर्खुरदार आणि अमीर बेगच्या मिळून ४, एक तोफ, उंटांवरच्या जंबुरकांच्या (हलक्या फिरत्या तोफांच्या) २ तुकड्या, आणि मागून येणाऱ्या राखीव घोडदळाच्या ३. गारद्यांचा आकडा सोडला तर बाकीचे आकडे खेळाच्या समतोलासाठी ठरवले आहेत. ते इतिहास म्हणून कुणाला सांगू नका.

म्हणजे पायदळाचे ४२ बेस आणि घोडदळाचे ३०. १५ मिमीची धातूची प्यादी घेतलीत तर पायदळाच्या बेसवर सहा आणि घोडदळाच्या बेसवर तीन, एकूण २५२ पायदळ आणि ९० स्वार. परदेशातून मागवणार असाल तर टपालखर्च आणि सीमाशुल्क धरूनच हिशोब करा, कारण धातू जड असतो. पहिल्या खेळासाठी आमचं मत कागदी सैनिकांच्या बाजूने आहे. पायदळाची पट्टी ५ सेंमी रुंद आणि २ सेंमी उंच, पुढची आणि मागची बाजू मिळून ४, वर खाली चिकटवायला एकेक सेंमी. ए-फोर कागदावर अशा १२ पट्ट्या बसतात. घोडदळाची उंची ३ सेंमी धरली तर ९. पायदळाला चार आणि घोडदळाला चार, असे आठ कागद झाले. कागद २५० जीएसएमचा घ्या. ३०० चा घडीवर तडकतो आणि पांढरी रेघ दिसते. घडी घालण्याआधी संपलेल्या बॉलपेनने पट्टीला टेकवून रेघ ओढा.

बेस २ किंवा ३ मिमी एमडीएफचे, लेझर कटिंगवाल्याकडून एकदम कापून घ्या. सरदार, तोफा आणि जंबुरक धरून नव्वदेक लागतील. वरून पातळ फेविकॉल लावून वाळू टाकली की एमडीएफ एका बाजूने ओलं होऊन वाकतं. उपाय सोपा आहे: खालच्या बाजूलाही रंगाचा हात मारा आणि वाळेपर्यंत वर जाड पुस्तकं ठेवा.

धातूची किंवा प्लास्टिकची प्यादी रंगवायची असतील तर पावसाळ्यात स्प्रेचा प्रायमर आणि स्प्रेचं वार्निश टाळा. दमट हवेत थर पांढरट, धुरकट होतो आणि महिन्याची मेहनत वाया जाते. ब्रशने लावायचा अ‍ॅक्रिलिक प्रायमर घ्या. काळ्या किंवा गडद तपकिरी थरावर मोठे रंग आधी, मग अंगरख्याच्या चुण्यांतून पातळ तपकिरी पाणी सोडा, ते वाळलं की उंच भागांवर मूळ रंगाचा हलका हात. १५ मिमीला एवढं भरपूर झालं. डोळे रंगवू नका, तीन फुटांवरून ते भोकांसारखे दिसतात. गारद्यांच्या सगळ्या पलटणींना एकच रंगसंगती द्या आणि रोहिल्यांना मुद्दाम चार-पाच रंगांची सरमिसळ. कोण रांगेतलं, कोण जमावातलं हे टेबलाच्या दुसऱ्या टोकावरून ओळखू आलं पाहिजे.

मैदान

पानिपत सपाट आहे. टेकड्या, नाले, झाडी यांचा मोह आवरा. हिरवं कापडही नको: नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून अडीच महिने दोन प्रचंड फौजा तिथे तळ देऊन बसल्या होत्या, जनावरांनी काय शिल्लक ठेवलं असेल? मातकट रंगाची जुनी चादर किंवा गोणपाटाचा मोठा तुकडा उत्तम. मात्र चादर टेबलाखाली दुमडून क्लिपांनी ताणून घ्या. चुणी पडली तर बेस कलंडतात आणि त्यावर पाच मिनिटं वाद होतो.

मांडणी

मराठ्यांच्या बाजूने उभे राहा. दोन्ही फौजा आपापल्या कडेपासून ३० सेंमी आत, म्हणजे मध्ये ६० सेंमी मोकळं. गारद्यांच्या सात पलटणी रांगेत, दोघींमध्ये ३ सेंमी जागा सोडून. रांगेचं डावं टोक टेबलाच्या डाव्या कडेपासून ३२ सेंमीवर ठेवलं की उजवं टोक १२० सेंमीवर येतं. डावीकडच्या मोकळ्या जागेत उरलेल्या दोन पलटणी मागे वळलेल्या, तिरक्या. गारद्यांच्या उजवीकडे दमाजी, त्यापलीकडे विंचूरकर, दोघांच्याही दोन तुकड्या पुढे आणि एक मागे. चारही तोफा पलटणींमधल्या फटींच्या थोड्या पुढे. टेबलाची उजवी कड म्हणजे भाऊसाहेबांच्या मध्याची हद्द, तिकडून कुणी बाहेर जाऊन वळसा घालायचा नाही.

समोर रोहिल्यांच्या सहा-सहा तुकड्यांच्या दोन रांगा, मराठ्यांच्या डाव्या कडेपासून ६० ते १३५ सेंमीच्या पट्ट्यात. म्हणजे त्यांचं एक टोक गारद्यांच्या उजव्या टोकापुढे १५ सेंमी सरकलेलं राहील. हे सरकवणं विसरू नका, कारण त्यामुळेच दमाजी पुढे धावला तर गारद्यांच्या तोंडावर येतो. रोहिला घोडदळ मागे, बर्खुरदार आणि अमीर बेग गारद्यांच्या तिरक्या पलटणींसमोर. तोफ आणि जंबुरक रोहिल्यांच्या खेळाडूला हवे तिथे.

डाव कसा चालतो

सहा पत्ते करा: इब्राहिमखान, दमाजी, विंचूरकर, दुंदी खान, हाफिज रहमत, बर्खुरदार. दर डावाला पिसून एकेक उलटा. ज्याचा पत्ता निघेल त्याच्या सगळ्या तुकड्या हलतील किंवा बार टाकतील. मराठ्यांच्या तोफा इब्राहिमखानाच्या पत्त्यावर, समोरची तोफ आणि जंबुरक दुंदी खानाच्या पत्त्यावर, राखीव घोडदळ बर्खुरदारच्या. रोहिला पायदळ निम्मं दुंदीचं, निम्मं हाफिजचं, आणि घोडदळ दोघांना एकेक.

प्रत्येक पायदळ आणि घोडदळ तुकडीची ताकद ६. मागे छोटा फासा ठेवून ती दाखवा. हिंमत म्हणजे एका फाशावर लागणारा आकडा: गारदी आणि राखीव घोडदळ ३ किंवा वर, बाकी सगळे ४ किंवा वर. तोफा आणि जंबुरकांना ताकद नाही: शत्रू येऊन भिडला की त्या गेल्या.

*मारा.* उभी गारदी पलटण ४ फासे टाकते, ४ किंवा वर आला की एक घाव. त्या डावात चालली असेल तर २ फासे. रोहिल्यांच्या तोड्याच्या बंदुकांना ३ फासे, ५ किंवा वर. घोडदळाला मारा नाही. तोफेला गोळ्यासाठी २ फासे, ५ वर. १५ सेंमीच्या आत छर्रा, ४ फासे, ४ वर. जंबुरकांचा पल्ला १५ सेंमी, २ फासे, ५ वर, पण ते १५ सेंमी चालूनही बार टाकू शकतात. प्रत्येक घाव एक ताकद कमी करतो.

*आड येणं.* मारणारा आणि लक्ष्य यांच्या मध्ये स्वतःची तुकडी असेल तर मारा बंद. सपाट मैदानात डोक्यावरून मारा नाही, अपवाद नाही.

*चाल करून जाणं.* आपल्या पत्त्यावर शत्रूला भिडता येतं. समोरून चाल आली तर उभ्या पायदळाला आणि तोफेला एक जादा फैर मिळते, वाट मोकळी असेल तरच. मग दोघेही उरलेल्या ताकदीइतके फासे टाकतात. साधारण ५ वर घाव. शाबूत रांगेतली गारदी पलटण समोरच्या पायदळाला ४ वर घाव करते. शाबूत रांगेवर समोरून आलेल्या घोडदळाला ६ च हवा. बगलेवर किंवा विस्कळीत पायदळावर आलेल्या घोडदळाला ४ पुरे. ज्याला जास्त घाव लागले तो एक चाल मागे जातो.

*हिंमत.* एका डावात दोन किंवा जास्त ताकद गेली तर फासा टाका. आकडा आला नाही तर तोंड फिरवून पूर्ण चाल मागे. ताकद शून्य झाली किंवा तुकडी टेबलाबाहेर गेली की ती संपली.

*पाठलाग.* जिंकलेल्या गारदी पलटणीने एक फासा टाकायचा. १ किंवा २ आले तर ती १० सेंमी पुढे धावते आणि विस्कळीत होते. एक पूर्ण डाव उभी राहिली की रांग पुन्हा शाबूत.

*उतावळी.* दमाजी किंवा विंचूरकराचा पत्ता निघाला आणि शत्रू ३० सेंमीच्या आत असेल तर फासा टाका. १ किंवा २ आले की त्या सरदाराच्या सगळ्या तुकड्या जवळच्या शत्रूवर सरळ धावतात, मध्ये काय आहे ते न पाहता. मराठ्यांच्या खेळाडूला पूर्ण खेळात भाऊसाहेबांचे तीन निरोप मिळतात. एक निरोप खर्च केला की तो फासा पुन्हा टाकता येतो.

*भूक.* नवव्या डावापासून मराठ्यांच्या सगळ्या तुकड्यांची हिंमत एकाने खालावते: गारद्यांना ४ लागतो, घोडदळाला ५. रसद तुटलेल्या तळातून उपाशी निघालेली फौज आहे ही.

*राखीव फौज.* दुपारी अब्दालीने जी माणसं पुढे पाठवली त्यांतली ४,००० त्याच्या उजव्या, म्हणजे याच बगलेसाठी होती, असं काशीराज सांगतो. दहाव्या डावाच्या सुरुवातीला ५ वर, अकराव्याला ४ वर, बाराव्याला ३ वर फासा आला की राखीव तुकड्या बर्खुरदारच्या मागच्या कडेने येतात.

रोहिल्यांच्या १२ पायदळ तुकड्यांपैकी ७ संपल्या तर मराठ्यांनी आपली अट पूर्ण केली. गारद्यांच्या ९ पैकी ५ संपल्या तर अफगाणांनी. दोन्ही झाल्या तर विजय अफगाणांचा, कारण त्यांच्याकडे ओतायला आणखी फौज आहे. प्रत्यक्षात याच प्रकाराने ही बगल गेली.

हटकून चुकतं ते

पहिल्या खेळात मराठ्यांचा खेळाडू जागचा हलत नाही. तोफा आहेत, छर्रा आहे, येऊ दे त्यांना, असा विचार. रोहिला खेळाडूही मग येत नाही आणि नवव्या डावाला भूक लागते. जाऊन भिडणं त्याला भागच आहे, तेही आपल्या तोफांच्या पल्ल्याबाहेर न पडता. हे दुसऱ्या खेळात आपोआप कळतं, आधी सांगू नका.

रोहिला खेळाडू दोन्ही रांगा एकदम घालतो. समोरच्या रांगेला गारद्यांची फैर आणि संगीन मिळून चार-पाच ताकद जाते, ती मागे हटते आणि पाठीमागच्या रांगेत घुसून गोंधळ करते. दोन रांगांत १५ सेंमी अंतर ठेवून दुसरी रांग पुढच्या डावात घातली तर तीच पलटण दमलेली, बऱ्याचदा विस्कळीत सापडते.

तिसरी चूक मोजण्याची. अंतर नेहमी पुढच्या कडेच्या मध्यापासून पुढच्या कडेच्या मध्यापर्यंत मोजा. लवचिक टेपपेक्षा ५, १०, १५, २५ आणि ४० सेंमीच्या कापलेल्या लाकडी पट्ट्या बऱ्या: वादही कमी, बेसला धक्काही कमी.

खेळ तीन तासांत संपत नसेल तर तुकड्या कमी करू नका. आधी पत्ते कोण किती वेळ हातात धरतं ते पाहा. एका पत्त्याला दोन मिनिटं, वाळूचं घड्याळ ठेवून, एवढं पुरतं.

आणि नियम बदलायचेच असतील तर एका वेळी एक. उतावळीचा नियम पूर्ण काढून दोन खेळ खेळा, मग १ ते ३ वर नेऊन दोन. प्रत्येक वेळी वहीत तीनच गोष्टी लिहा: गारद्यांची पहिली फैर कितव्या डावाला पडली, किती वेळा आपलंच घोडदळ आड आलं, आणि सहाव्या डावाअखेर दोन्हीकडच्या किती तुकड्या उभ्या होत्या. या नोंदींवरून भुकेचा डाव अलीकडे आणायचा की राखीव फौज लांबवायची ते ठरवता येतं. हे जमलं की उजवीकडची कड उघडा आणि हुजुरात व शाहवली खान जोडा. त्याला दुसरं टेबल लागेल.